नाकापुढे चार बोटं

१

होळीच्या दिवशी सकाळीच वडाळ्याच्या रायफल क्लबात बोंब उठली, आणि ती मारणारे गृहस्थ होते क्लबाचे सेक्रेटरी बाबुराव वेलणकर. एरवी हे गृहस्थ शिंकतानासुद्धा आजूबाजूला बघून शिंकायचे. आज मात्र धोतराचा सोगा हातात धरून मिठागराच्या बांधावरून धावत आले आणि डॉक्टर अंबिका राजाध्यक्ष यांच्या टेबलासमोर धपकन बसले.

"डॉक्टरीणबाई, हरीण गेलं!"

"कुठे गेलं?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

अंबिकाबाई राहायच्या गिरगावात, पण त्यांचं सगळं आयुष्य गेलं परळच्या एका प्रसूतिगृहात. लालबाग-परळातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे तिकडचे मोठमोठे दादा लोकही त्यांना बघून विडी पाठीमागे लपवायचे. कुणाला चुकून गोळी लागली तर जवळ डॉक्टर असावा म्हणून क्लबाने त्यांना स्पर्धेपुरतं बोलावलं होतं. आतापर्यंत त्यांनी एकच रोगी तपासला होता: मिरचीची भजी खाऊन कावराबावरा झालेला एक फिनलंडचा नेमबाज.

स्पर्धा होती धावत्या हरणाची, आणि तीही आंतरराष्ट्रीय. स्वीडन, रशिया, फिनलंड, कुठून कुठून माणसं आलेली. लाकडाचं हरीण एका गाड्यावर उभं करायचं, तारेने ओढून ते मोकळ्या जागेतून सुसाट पळवायचं, आणि ते दिसतंय तेवढ्या चार सेकंदांत नेमबाजाने शंभर मीटरवरून त्याच्या खांद्यावरच्या वर्तुळात गोळी घालायची. हरीण पळत असतं, म्हणून नेम धरायचा तो हरणाच्या पुढे. सगळी गंमत त्या 'पुढे'त आहे.

क्लबाचं स्वतःचं एक हरीण होतं. सरावासाठी ते गाड्यावाल्या राजाराम परबने बनवलेलं. पण स्पर्धेसाठी स्वीडनच्या पंचाने बोटीतून खास हरीण आणलं होतं, मोठ्या खोक्यात घालून. काल संध्याकाळी त्याच्यावर सगळ्यांचा सराव झाला. आज सकाळी बघतात तर शेड रिकामी.

"आपलं जुनं हरीण आहे ना? ते पळवा," अंबिकाबाई म्हणाल्या.

"पंच तयार आहे हो. पण तो म्हणतो, ज्याच्यावर संशय आहे त्याला मी उभा राहू देणार नाही." बाबुरावांनी आवाज खाली आणला. "संध्याकाळी नावं कायम करायचीत. तोवर हरीण मिळालं नाही, तर दौलत गमरेचं नाव काढायचं ठरलंय. हरीण त्यानेच खाडीत टाकलं असं कमिटीचं मत आहे."

अंबिकाबाईंनी चष्मा काढला. दौलत हा भारताचा एकच नेमबाज, ज्याच्याकडे परदेशी पाहुणेसुद्धा मान वळवून बघत होते.

२

दौलत गमरे सैन्यात होता, आता एका गिरणीत पहारेकरी. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. शेडमागे बाकावर बसून तो रायफल पुसत होता. आता ती झाडायला मिळणार की नाही, याचा पत्ता नसताना.

"तू घेतलंस?" अंबिकाबाईंनी सरळ विचारलं.

"नाही."

"मग कमिटीपुढे तसं बोलला का नाहीस?"

"त्यांनी विचारलंच नाही, बाई. हरीण कुठे ठेवलंस, एवढंच विचारलं."

अंबिकाबाईंना मनापासून राग आला. दौलतचा नव्हे, कमिटीचा.

तेवढ्यात त्याची आई रमाबाई डबा घेऊन आली. तिला फाटकावरच बातमी कळली होती. कमिटीला संशय का आला तेही कळलं होतं. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून हे लोक जीवहत्या करत नाहीत, त्यात हरीण, आणि ही बाई चाळीत म्हणाली होती की हरणावर कशाला रे नेम धरतोस. झालं! एवढ्यावर कमिटीने निकाल दिला.

"म्हणाले होते ना मी! चेष्टेत म्हणाले होते," रमाबाई कडाडली. "लाकडाच्या हरणात जीव असतो हे या शिकलेल्या लोकांना कुणी सांगितलं? आम्ही देव सोडले, डॉक्टरीणबाई, अक्कल नाही सोडली."

अंबिकाबाईंना हसू आलं, पण रमाबाई हसली नाही. पदराने हात पुसत तिने लेकाकडे पाहिलं.

"खेळला काय, नाही खेळला काय, मला सुखदुःख नाही. पण आज याला चोर म्हणून घरी पाठवलं तर उद्या आमच्या चाळीतलं कुठलंही पोर कुठल्याही क्लबाच्या दारात गेलं की हेच ऐकवतील. तेवढं होऊ देऊ नका, बाई."

"शेडपर्यंत कोण कोण जातं?" अंबिकाबाईंनी दौलतला विचारलं.

"मी. जगदीश. आणि गाडा ओढतो तो."

"राजाराम?"

"हो. तो." एवढं बोलून दौलतने रायफलीवरचं फडकं उलटं केलं. सहा वर्षं ज्याने रोज तुझ्यासमोर हरीण पळवलं त्याचं नाव घ्यायला तुझी जीभ का अडते, असं विचारावं अंबिकाबाईंना वाटलं. पण घाईने दाबून बघितलं तर दुखणं सापडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

३

जगदीश धुरंधर हा राखीव नेमबाज. दौलत गेला की त्याचीच वर्णी. ठाकुरद्वारच्या खानदानी पाठारे प्रभू घरातला, शिकारीचा नाद, आणि मिशा अशा की त्यांना वेगळी खुर्ची द्यावी.

"या, या! माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? घ्या," तो म्हणाला. "मीच म्हणत होतो, अजून कुणी कसं आलं नाही."

"घेते. तुझा फायदा आहे."

"त्याआधी ही एक गंमत बघा." त्याने कपाटातून एक कागदी निशाण काढून टेबलावर पसरलं. सरावात हरणाच्या अंगावर कागदाचं चित्र लावतात, ते. "काल नव्या हरणावर दौलतने मारलेल्या गोळ्या. एकही वर्तुळात नाही. दहाच्या दहा खांद्याच्या पुढे, गळ्याशी. कमिटीने काय अर्थ काढला? याला नवं हरीण जमेना, म्हणून यानेच ते गायब केलं."

"का जमलं नाही?"

"नव्याचं नाक लांब आहे, बाई. राजारामच्या हरणापेक्षा चार बोटं तरी. दौलत नेम धरतो तो नाकाच्या शेंड्यावर. नाक चार बोटं पुढे, तर गोळीही चार बोटं पुढे. सरळ आहे."

अंबिकाबाई खाली वाकल्या. दहा भोकं होती, आणि त्यांच्यावर चहाची एक बशी उपडी घातली असती तर सगळी झाकली गेली असती.

"ज्याला जमत नाही त्याच्या गोळ्या चहूकडे जातात ना रे?"

"आता कसं बोललात! मला घाबरल्यावर बघा, एक आकाशात, एक पाताळात." जगदीशने मिशांवरून हात फिरवला. "पळत्या हरणावर बशीएवढ्या जागेत दहा गोळ्या घालणं मला आयुष्यात जमलेलं नाही. ज्याला हे जमतं त्याने नेम चार बोटं मागे घेतला की काम झालं. त्याला चोरी कशाला करायला हवी? त्याने हरीण चोरलं असेल तर मी मिशा उतरवीन."

अंबिकाबाईंनी मनात हिशेब मांडला. नवं हरीण नाहीसं झालं की जुनं पळणार. जुन्यावर दौलतला हरवणारा कुणी नाही. म्हणजे हरीण नाहीसं करून जगदीशचं नुकसानच होतं. चोराने दौलतचं वाईट करायचं म्हणून हे केलेलंच नव्हतं. त्याला दौलत जिंकायला हवा होता.

पण दौलतचं एवढं भलं चिंतणारा माणूस, दौलतला चोर ठरवताना गप्प कसा बसला? आणि पाच फुटी हरीण फाटकातून बाहेर गेलंच कसं?

४

फाटकावर रामजी बसायचा. वयस्क माणूस, प्रामाणिक. सकाळपासून बाबुरावांनी त्याला इतकं फैलावर घेतलं होतं की बिचाऱ्याचे डोळे पाणावले होते.

"काल संध्याकाळपासून फाटकाबाहेर काडी गेली नाही, बाई. आईशपथ सांगतो. मोटारी गेल्या, त्या उघडून बघितल्या. माझी नोकरी जाईल हो."

"हात का झाकतोयस?"

"काही नाही. कुसळ गेलंय."

"दाखव." तळहातात बोटभर लांबीची ढलपी रुतून बसली होती, आजूबाजूला लाल झालेलं. अंबिकाबाईंनी चिमट्याने ती ओढून काढली, उजेडात धरली आणि हुंगली. लाकूड फिक्कट, हलकं, राळेचा वास येणारं. आपल्याकडचा साग नव्हे की आंबा नव्हे.

"हे परदेशी खोक्याचं लाकूड. कुठे हात घातला होतास?"

"काल पोरांना लाकडं चढवू लागलो, तेव्हा गेलं असेल."

"कसली लाकडं?"

"होळीची!" रामजीला प्रश्नच विचित्र वाटला. "लालबागची पोरं आली होती हातगाडी घेऊन. दरवर्षी येतात. मोडकी खोकी होती, ती दिली. कुंपणाचे दोन जुने खांबही मीच दिले, साहेबांना नका सांगू."

अंबिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे रामजी, आणि तू म्हणतोस काडी गेली नाही!"

"पण होळीचं लाकूड म्हणजे काय 'जाणं' झालं का, बाई? ते मागायला आलं की द्यायचं. ते कुणी बघतं का, मोजतं का?"

खोटं बोलत नव्हता तो. घरचं दार जरी उचलून नेलं तरी होळीला गेलेल्या लाकडाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पोराटोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते माहीत. स्वीडनच्या पंचाला बिचाऱ्याला कुठून कळणार? आणि जो हे ओळखून होता तो याच मातीतला होता.

"खोकी पोरांना काढून कुणी दिली?"

"राजारामने. त्याच्याच चाळीची पोरं ती. मोठं खोकं तर त्याने एकट्याने गाडीवर चढवलं, मी टेकू द्यायला हात लावला तर मलाही बाजूला केलं."

अंबिकाबाई उठल्याच. ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी फाटकावरचा फोन उचलून कचेरीत बाबुरावांना गाठलं.

"पंचांना आणि दौलतला घेऊन लालबागला या. आत्ता. का म्हणून विचारू नका, नाहीतर हरणाची राख मिळेल!"

५

टॅक्सी लालबागच्या नाक्यावर अडली. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं लिहिलेल्या भिंतीखाली पोरांनी रस्ताच अडवला होता. अंबिकाबाई उतरून चालत निघाल्या. वाटेत चार जणींनी पाया पडून घेतलं, दोघींनी पोरं दाखवली. आज कुणाशीच बोलायला त्यांना सवड नव्हती.

परबांच्या चाळीच्या पटांगणात होळी रचून तयार होती. मधोमध एरंडाची फांदी, भोवती लाकडांचा हा मोठा ढीग. बायकांची पूजा होऊन गेली होती, नारळ पुढे ठेवले होते, आणि पेटता पलिता घेऊन कुणी म्हातारा येत होता. राजाराम गर्दीच्या मागे एकटाच उभा होता.

"राजाराम, त्या ढिगाच्या बुडाशी काय आहे?"

त्याने मान फिरवली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. "काय म्हणजे? लाकडं."

"दौलतला काढताहेत स्पर्धेतून. हरीण त्याने चोरलं म्हणतात."

"त्याने?" राजाराम ओरडलाच. "त्याला कशाला? त्याचा काय संबंध? मी सकाळपासून घरी आहे, बाई, मला कुणी काही बोललं नाही! त्याला कोण म्हणतो चोर?"

"सगळे म्हणतात. तुझ्या मेहेरबानीने."

तो खाली बसला. जमिनीकडे बघत बोलायला लागला. "त्या लांबनाक्या हरणावर त्याचा नेम चुकत होता, बाई. दहाच्या दहा गोळ्या. मला बघवेना. माझ्या हरणावर तो कुणाच्या बापाला ऐकला नसता."

"अरे, मग नाक लांब आहे एवढं त्याला जाऊन सांगायचं होतंस! एक वाक्य!"

"आम्ही बोलत नाही."

"का?"

दोन वर्षांपूर्वीची होळी. दौलतने दीक्षा घेतली होती, होळीशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. तरी दोस्ताने बोलावलं म्हणून आला. घरात सगळ्यांची पानं मांडली होती. दौलतचं पान राजारामच्या आईने, सुंदराबाईने, बाहेर गॅलरीत मांडलं. दौलतने पानाकडे पाहिलं, मग राजारामकडे पाहिलं. राजाराम काही बोलला नाही. पुरणपोळी तशीच पानावर राहिली.

"तेव्हापासून मी गाडा ओढतो, तो गोळी मारतो," राजाराम म्हणाला. "मध्ये शब्द नाही."

पलिता ढिगापाशी पोचला होता.  आता बोलायची पाळी अंबिकाबाईंची नव्हती.

राजाराम उठला. गर्दीतून वाट काढत पुढे गेला, पलित्यावाल्या म्हाताऱ्याचा हात बाजूला केला आणि सरळ ढिगात हात घातला.  एकच कल्लोळ उठला.

"अरे, पूजा झाली! होळीचं लाकूड काढतोस?"

"डोकं फिरलं काय रे तुझं?"

"मी चोरी केली!" राजाराम लाकडं उपसत ओरडला, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. "क्लबाचं हरीण चोरून यात घातलं! आणि नाव आलं दौलतवर! दौलत गमरेवर, ज्याचं पान आम्ही बाहेर मांडलं!"

गॅलरीत सुंदराबाई उभी होती. तिने ते ऐकलं आणि तिचं तोंड रागाने लाल झालं.

"मेल्या, दोन वर्सां मिठाची गुळणी धरून बसलंस," ती वरून किंचाळली, "आणि आज लाकडां उपसतंस! त्याच दिसाक बोलाक काय झाला हुता तुका?"

राजारामने वर पाहिलं नाही. हात सोलवटून निघाले, शर्टाची बाही फाटली, आणि चाळीतल्या पोरांनी त्याच्याभोवती फेर धरून तोंडावर हात मारत बोंबा ठोकायला सुरुवात केली. त्या बोंबांतच त्याने खोकं बाहेर ओढलं आणि फळ्या उचकटल्या.

आत हरीण होतं. एक कान तुटला होता, बाकी धड.

६

बाबुरावांची मोटार आली तेव्हा बोंबाबोंब ऐन रंगात होती. स्वीडनच्या पंचाला वाटलं हे आपलंच स्वागत आहे. त्याने टोपी काढून चहूकडे मान लववली. मग हरणाला हात लावून बघितलं, तुटलेला कान चाचपला, आणि नेम काही कानावर धरायचा नसतो असं म्हणून त्याने ते मोटारीच्या टपावर बांधायला सांगितलं.

बाबुरावांचा मात्र पारा चढला होता. "राजाराम परब, तू आजपासून क्लबाच्या फाटकात पाऊल टाकायचं नाहीस! पोलिसात देत नाही हे नशीब समज. परवा स्पर्धेत गाडा दुसरा कुणीतरी ओढेल."

"मग माझंही नाव काढा," दौलत म्हणाला.

"अरे, तुझ्यासाठीच तर आम्ही..."

"सकाळी माझ्यासाठी काय केलंत ते बघितलं मी. हरीण राजाराम ओढेल, नाहीतर मी उभा राहत नाही."

बाबुरावांनी अंबिकाबाईंकडे पाहिलं. अंबिकाबाई चष्मा पुसण्यात गढून गेल्या होत्या. पंच दुभाष्याला विचारत होता की काय चाललंय. शेवटी बाबुराव पुटपुटले, "बरं बाबा, तसं तर तसं," आणि दोऱ्या बघायला मोटारीकडे गेले.

होळी पेटली. उजेडात राजाराम आणि दौलत समोरासमोर उभे राहिले, आणि दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळेना. राजारामच्या बोटांतून रक्त येत होतं, म्हणून अंबिकाबाई पट्टी घेऊन पुढे झाल्या. त्यामुळे पुढचं त्यांच्या कानावर पडलं.

"नाक लांब आहे त्याचं," राजाराम खाली बघत म्हणाला. "नेम चार बोटं मागे धर."

"माहीत आहे. काल दुसऱ्याच गोळीला कळलं."

राजारामने झटकन मान वर केली. "कळलं? मग दहाच्या दहा पुढे का घातल्यास?"

 दौलतने विस्तवाकडे बघितलं, मग राजारामच्या फाटक्या बाहीकडे.

"म्हटलं, एवढं चुकतोय बघून तरी तू येशील. येऊन चार शिव्या घालशील."

राजारामने तोंड उघडलं. होळीच्या दिवशी शिवीला मोकळीक, आणि शिव्यांच्या बाबतीत हा माणूस कुणाला हार जाणारा नव्हता. पण आज त्याने फाटक्या बाहीने नुसते डोळे पुसले. पट्टी बांधता बांधता अंबिकाबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. धूर फार आहे मेला, असं त्या कुणीही न विचारता म्हणाल्या.

"चल वर," राजाराम कसाबसा म्हणाला. "आत. घरात चल."

दौलतने गॅलरीकडे नजर टाकली. सुंदराबाई तिथेच कठड्याला धरून उभी होती. ती या म्हणाली नाही, आणि आतही गेली नाही.

"आज नको," दौलत म्हणाला. "परवा नेमबाजी झाली की येतो. जिंकलो तरी येतो, हरलो तरी येतो. पान मांडून ठेव."

"आईने नाही मांडलं, तर मी मांडीन," राजाराम म्हणाला.